जोराच्या वाऱ्यात ग्लायडर : विंचपासून उतरण्यापर्यंत

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान; जमिनीवरचं विंच (इंजिनावर फिरणारं रहाट) केबलनं ओढून ते वर चढवतं, हेच विंच लाँच. हडपसरसारख्या विंच लाँचच्या मैदानावर वारं सुटलं की जास्त सांभाळायचं ते जमिनीवर. रिकामं एएसके २१ (पुढे-मागे दोन आसनांचं ग्लायडर) साधारण ३६० किलोचं, पंखांचा विस्तार १७ मीटर. पंखाखाली झोत शिरला की दोघांनाही आवरत नाही. उभं करताना वाऱ्याला आडवं ठेवा, वाऱ्याकडचा पंख खाली टेकवून त्यावर जुने टायर टाका, एअरब्रेक (पंखातून वर येणाऱ्या, उचल कमी करणाऱ्या फळ्या) उघडे ठेवा. वारा नाक स्वतःकडे वळवतो आणि शेपूट पलीकडे सरकते, म्हणून शेपटीच्या वाऱ्यापलीकडच्या बाजूलाही एक टायर लावा.

कॅनॉपी (आसनावरचं पारदर्शक झाकण) कधीही हाताविना उघडी सोडू नका. एएसके २१ची पुढची कॅनॉपी पुढे उघडते, मागची मागे. नाक वाऱ्याकडे असताना पुढची धाडकन मिटते, मागचीच्या पोटात वारा शिरून ती बिजागरीतून उपटू पाहते. माणसं कमी असतील तर त्या दिवशी उडूच नये, हे बरं.

लाँचला धाव अगदी थोडी लागते. वारा बाजूनं येत असेल तर डावा हात केबल सोडण्याच्या पिवळ्या मुठीवरच हवा. पंख आडवा राहत नाही असं दिसताच, तो गवताला टेकायच्या आत केबल सोडा. वर जाताना वारा वाढत जातो, त्यामुळे वेगही आपोआप चढतो. लाँचमधली मर्यादा ताशी १५० किमीची आहे. विंचवाल्याला रेडिओवर वेळीच सांगा. केबल तुटली तर आधी नाक खाली, मग वेग येईपर्यंत थांबा. त्याआधी वळणही नको, एअरब्रेकही नको.

थर्मल (वर चढणारी गरम हवा, जिच्यात घिरट्या घालून ग्लायडर उंची मिळवतं) वाऱ्याबरोबर वाहत जातं, आणि घिरट्या घालताना मैदान किती मागे पडलं ते कळत नाही. ताशी ९० किमी वेगाला हे ग्लायडर ३४ मीटर पुढे जाताना १ मीटर उतरतं. समोरून ४० चा वारा असला की हिशोब १९ वर येतो. ६०० मीटर उंचीवरून २० किमीऐवजी जेमतेम ११, तेही वाटेत खाली दाबणारी हवा लागली नाही तर. म्हणून थर्मल मैदानापासून वारा जिकडून येतो त्या बाजूलाच शोधा.

सर्किट (उतरण्याआधीचा मैदानाभोवतीचा फेरा) जवळचं आणि नेहमीपेक्षा उंच ठेवा. अप्रोचला (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) ९० मध्ये वाऱ्याचा निम्मा वेग मिळवा : ३० चा वारा, तर १०५. जमिनीवरून पाहता हा वेग फक्त ७५ दिसतो आणि हात नकळत नाक वर उचलतो. नजर एअरस्पीडच्या काट्यावर ठेवा. शेवटच्या १०-१५ मीटर उंचीत वारा एकदम मंदावतो. ३० चा १५ झाला की हवेतला वेगही त्या क्षणी तेवढाच घटतो आणि ग्लायडर धपकन खाली बसतं. तिथे एअरब्रेक पूर्ण उघडे ठेवू नका.

थांबल्यावर एअरब्रेक पूर्ण उघडा, वाऱ्याकडचा पंख खाली ठेवा, आणि सोबतचे पायलट पंखाशी पोचेपर्यंत पट्टे बांधूनच बसा. तुम्ही उतरलात की ग्लायडर सत्तर-ऐंशी किलोनं हलकं होतं.