जुन्या गाडीतला शॉर्ट शोधायचाय? फ्यूजच्या जागी बल्ब लावा

नवा फ्यूज टाकला की उडतो, दुसरा टाकला तोही उडतो, मग कोणीतरी शहाणा म्हणतो अरे जरा जास्त अँपिअरचा टाक ना. अजिबात नको, आणि सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं तर नकोच नको. फ्यूज उडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय, मोठा टाकलात तर त्याच्याऐवजी वायर जळेल, आणि जुन्या गाडीत सगळ्या वायरी एकाच जुडग्यात करकचून बांधलेल्या असतात त्यामुळे एक तापली की शेजारच्यांचं पण इन्सुलेशन वितळतं.

आधी नेमकं काय होतंय ते बघा. फ्यूज लगेच उडतोय म्हणजे लाईव्ह वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. फ्यूज शाबूत आहे पण उभ्या गाडीची बॅटरी रात्रीत उतरते, तर कुठेतरी गुपचूप करंट खाल्ला जातोय. आणि इंडिकेटर दिला की टेल लाईटही त्याच्यासोबत लुकलुकते असं असेल तर बहुतेक शॉर्ट नाहीच, अर्थ (म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परत जाणारी जोडणी) खराब आहे, होल्डर आणि अर्थचा स्क्रू घासून साफ करा आणि बाकीचं विसरा.

आता मुख्य काम. इंडिकेटरचा साधा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी सोल्डर करा, टोकाला क्लिपा लावा आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटेल, पण त्या सर्किटमधून साधारण पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, म्हणजे काही जळायची भीती नाही, निवांत शोधत बसा. फक्त त्या फ्यूजवरचे बाकीचे बल्ब काढून ठेवा आणि हॉर्न, वायपर, हीटरचे कनेक्टर सोडवा, नाहीतर त्यांच्यातून जाणाऱ्या करंटने पण आपला बल्ब पेटतो आणि गोंधळ होतो. मीटरने ओहम मोजून बघायचा मोह याचसाठी टाळा, थंड बल्बचा रेझिस्टन्स जेमतेम एक ओहमच्या आसपास असतो, मीटरला तो शॉर्टच वाटतो.

मग सर्किटच्या मधलाच एखादा कनेक्टर सोडवा. बल्ब विझला तर भानगड त्या कनेक्टरच्या पुढे, पेटलेलाच राहिला तर मागे. उरलेल्या भागाचे परत दोन तुकडे करा. असं करत हातभर वायर उरली की ती हळूहळू हलवत जा आणि नजर बल्बवर ठेवा, जिथे हात लागल्यावर तो लुकलुकतो तिथेच वायर सोललेली सापडते. फ्यूज इग्निशनवरचा असेल तर चावी ऑन ठेवायच्या आधी इग्निशन कॉइलची लाईव्ह वायर काढून इन्सुलेट करा, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (कॉइलचा करंट चालू-बंद करणारे कॉन्टॅक्ट) एकमेकांना टेकलेले राहिले तर कॉइल तापून जाते.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. इंजिनकडून आत येणारं जुडगं जिथे पत्र्याच्या भोकातून जातं तिथला ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवलेली रबरी रिंग) कडक होऊन तुटलेला असतो आणि पत्र्याची धार वायर कापत असते. डिकीच्या बिजागरीजवळ वायर रोज वाकून वाकून तुटते. स्टिअरिंग कॉलमच्या आत, टेल लाईटच्या गंजलेल्या होल्डरमध्ये, कार्पेटखाली, आणि कोणीतरी मागाहून बसवलेल्या रेडिओ-स्पीकरच्या स्क्रूखाली (माझा पहिला संशय कायम ह्याच्यावर!). कापडी वेष्टनाची वायरिंग असेल तर आतलं रबर भुगा होऊन पडतं, अशी वायर जास्त वाकवू नका, सरळ बदला.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत लुकास कंपनीच्या वायरिंगमधले ब्राऊन वायरवाले सर्किट बॅटरीपासून थेट येतात, मध्ये फ्यूज नसतो. तिथे शॉर्ट वाटला तर बॅटरीची बॉडीला जाणारी केबल सोडवा आणि टर्मिनल आणि केबलच्या मध्ये तोच बल्ब लावून वरच्याच पद्धतीने शोधा. बॉडीला जाणारी केबल म्हणतोय कारण साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, निगेटिव्ह समजून काम करायला जाल आणि फसाल.

बॅटरी उतरत असेल तर बल्बऐवजी बॅटरीचं टर्मिनल आणि बॉडीच्या केबलच्या मध्ये मल्टीमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर लावा. दारं बंद, आतला दिवा बंद, आणि मीटर जोडलेला असताना स्टार्टर चुकूनही मारू नका, मीटर गेलाच म्हणून समजा. घड्याळ किंवा रेडिओ नसलेल्या जुन्या गाडीत आकडा जवळपास शून्य यायला हवा. येत नसेल तर फ्यूज एकेक काढत जा. सगळे काढूनही करंट जातोय? बॅटरी सोडवा, अल्टरनेटरच्या वायरी काढून इन्सुलेट करा, मग परत मोजा. आकडा पडला तर आतला डायोड लीक आहे.

जागा सापडली की नुसती टेप गुंडाळून सोडू नका, खराब तुकडा कापा, त्याच जाडीची वायर सोल्डर करा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि भोकाला नवीन ग्रोमेट. मग बल्ब काढून फ्यूज. इथे एक लक्षात ठेवा, लुकासच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं तो उडायचा आकडा असतो, सतत चालायचा त्याच्या निम्मा, साधारण 17. दुकानातला आजकालचा 35 चा टाकलात तर तो वायरीला झेपणाऱ्या करंटच्या बराच वरचा ठरतो.