संगणकातील चौकात आपला चालक कसा बसवावा?

चौकातील सिग्नलच्या वेळा बदलण्यापूर्वी त्या संगणकावर तपासून पाहायच्या असतील, तर जर्मन एरोस्पेस सेंटरने २००१ मध्ये खुली केलेली 'सुमो' ही वाहतुकीची नक्कल करणारी मोफत प्रणाली पुरेशी आहे. मात्र तिच्यातील चालक मुळात आपल्या रस्त्यावरचा नसतो, आणि त्याला तसा घडवणे हाच या कामाचा कष्टाचा भाग आहे.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशा-संग्रहावरून घ्यावा आणि आयात करतानाच डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा पर्याय निवडावा.

सुमोच्या मूळ प्रतिमानात चालकाचा स्वभाव मुख्यतः दोन आकड्यांत येतो. 'टाऊ' म्हणजे पुढच्या गाडीपासून तो राखू पाहतो ते सेकंदांतील अंतर. ते मुळात १ असते. 'सिग्मा' म्हणजे त्याच्या हातून होणारी चूकभूल. ती ० ते १ यांदरम्यान असून मुळात ०.५ असते. सिग्मा शून्य केल्यास एकाने उगाच ब्रेक दाबल्यामुळे मागे पसरत जाणारी कोंडी पडद्यावरून नाहीशी होते. म्हणून चालकरहित गाड्यांचा अभ्यास करताना त्यांचा सिग्मा शून्य ठेवला, तरी माणसांच्या गाड्यांचा प्रकार वेगळा ठेवावा. टाऊ कमी केल्यास गणनेचा टप्पाही, म्हणजे सुमो एका वेळी जितके सेकंद पुढे सरकते तो काळही, तितका लहान करावा, अन्यथा गाड्या आदळू लागतात.

आता पुण्याच्या नळ स्टॉप चौकात सिग्नल लाल असताना उभे राहून पाहावे. मोटारी थांबतात, पण दुचाक्या त्यांच्यामधल्या फटींतून सरकत थेट थांबरेषेपाशी गोळा होतात आणि हिरवा दिवा लागताच सर्वांत आधी सुटतात. सुमोत मात्र एका लेनमध्ये गाड्या एकामागे एकच उभ्या राहतात, त्यामुळे रांग खोटीच लांबते. हे टाळण्यासाठी 'लॅटरल रेझोल्यूशन', म्हणजे लेन ज्या उभ्या पट्ट्यांत विभागली जाते त्यांची रुंदी, सुमारे ०.८ मीटर ठेवावे, दुचाकीचे 'लॅटअलाइनमेंट', म्हणजे लेनमधील आडवी जागा, 'आर्बिट्ररी' (कुठेही) करावे आणि बाजूचे किमान अंतर मुळातील ०.६ मीटरवरून प्रत्यक्ष मोजणीनुसार कमी करावे. हा बदल केल्याशिवाय आपल्याकडच्या कोणत्याही चौकाच्या निष्कर्षावर विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजणीसाठी उंचावरून व्हिडिओ घ्यावा आणि हिरवा दिवा लागल्यावर थांबरेषा ओलांडणाऱ्या लागोपाठच्या गाड्यांमधील सेकंद नोंदवावेत. सुमोतील तेच सेकंद त्यांच्याशी जुळेपर्यंत टाऊ बदलत राहावा. बीजांक (यादृच्छिक आकडे ज्यापासून तयार होतात तो सुरुवातीचा आकडा) तोच राहिला, तर सुमो प्रत्येक वेळी तेच उत्तर देते, म्हणून तो बदलून किमान दहा वेळा चालवावे आणि सरासरी दुसऱ्या एखाद्या दिवशीच्या मोजणीशी ताडून पाहावी.