हृदयाचा स्नायू जिवंत आहे का? न्यूक्लिअर स्कॅनमधल्या या चुका टाळा

इकोमध्ये हृदयाचा एखादा भाग हलत नाही असं दिसलं की घरातले धरून चालतात, तेवढा स्नायू गेला. तसं असेलच असं नाही. रक्तपुरवठा बराच काळ अपुरा राहिला की स्नायू आकुंचन पावणं जवळपास थांबवतो, पण पेशी तग धरून असतात. याला हायबरनेटिंग मायोकार्डियम म्हणतात. पेशी जिवंत आहेत की तिथे नुसता व्रण उरलाय, हे पाहायला न्यूक्लिअर स्कॅन करतात, म्हणजे किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून टोचून ते हृदयात कुठे पोचलं याचं चित्र घेतात. आणि उत्तर चुकतं ते बऱ्याचदा तयारीत किंवा घाईत.

यातलं एक औषध म्हणजे थॅलियम, त्याचंच बघा. थॅलियम २०१ जिवंत पेशीत शिरतं, पण रक्त कमी पोचणाऱ्या भागात फार सावकाश. त्यामुळे ताणानंतर (व्यायाम किंवा औषधाने हृदयावर भार दिल्यावर) ४ तासांनी काढलेल्या चित्रात डाग, म्हणजे औषध न पोचलेला भाग, कायम दिसला म्हणून 'व्रण' लिहून टाकू नये. थोडं थॅलियम पुन्हा टोचून किंवा २४ तासांनी चित्र घेतलं तर यातले बरेच डाग भरून येतात. थॅलियमचं अर्धायुष्य सुमारे ७३ तास असल्याने दुसऱ्या दिवशीही चित्र घेता येतं. सेस्टामिबी या दुसऱ्या औषधाचे डाग असे नंतर भरून येत नाहीत, म्हणून तिथे टोचण्याआधी नायट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध) द्यायची पद्धत आहे. ते वगळलं तर जिवंत भागही मेलेला वाटू शकतो.

सगळ्यात जास्त गोंधळ एफडीजी पेटचा, म्हणजे ग्लुकोजसारखं किरणोत्सारी औषध (एफडीजी) टोचून काढलेल्या स्कॅनचा. हृदय एरवी उपाशीपोटी चरबीवर चालतं. साखर पोटात गेली, इन्सुलिन वाढलं की ग्लुकोज ओढायला लागतं. म्हणून आधी उपास आणि मग ग्लुकोज, गरजेनुसार इन्सुलिनसह, असा क्रम असतो. कॅन्सरच्या पेटची तयारी याच्या उलट: तिथे उपाशी ठेवतात आणि ग्लुकोज मुळीच देत नाहीत. कुणाच्या तरी जुन्या पेटची सूचना वाचून रुग्ण येतो आणि सांगितलेलं ग्लुकोज नाकारतो, असं होऊ देऊ नका. मधुमेह असेल तर औषधांची यादी आधीच कळवा. इन्सुलिनचा बेत तिच्यावरून ठरतो.

चित्र बिघडलं की ओळखता येतं. कप्प्यातलं रक्त उजळ आणि भिंती सगळीकडे फिकट, असं दिसलं तर तो व्रण नव्हे, ग्लुकोज स्नायूत गेलेलंच नाही. अशा वेळी साखर तपासून, इन्सुलिन देऊन थोड्या वेळाने पुन्हा चित्र घेतात. शिवाय एफडीजीचं चित्र एकटं वाचू नये. शेजारी रक्तपुरवठ्याचं चित्र हवंच: रक्त कमी पण ग्लुकोज टिकून, तर स्नायू जिवंत, दोन्ही कमी, तर व्रण.

खालच्या भिंतीवर डायाफ्रामची, तर स्त्रियांमध्ये पुढच्या भिंतीवर स्तनांची सावली पडते. पालथं झोपवून किंवा सीटी दुरुस्ती (सीटी स्कॅनच्या मदतीने सावली वजा करणं) वापरून ती ओळखता येते. ठोक्यागणिक भिंत नीट जाड होताना दिसली तर डाग बहुधा सावलीचाच. उलटं मात्र धरू नका, कारण जिवंत पण निपचित स्नायूही जाड होत नाही. डाव्या बंडल ब्रँच ब्लॉकमध्ये (हृदयाच्या डाव्या बाजूला विद्युत संदेश नेणारी वाट अडणं) दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर एफडीजी कमी दिसतं, म्हणून ईसीजी सोबत न्या.

शेवटची चूक रिपोर्ट हातात आल्यावरची: 'जिवंत' म्हणजे बायपास किंवा स्टेंट ठरलंच, असा अर्थ काढणं. बायपास आणि औषधोपचार यांची तुलना करणाऱ्या स्टिच अभ्यासाच्या २०११ मध्ये आलेल्या विश्लेषणात, स्नायू जिवंत असण्यावरून बायपासचा जास्त फायदा कुणाला होईल हे सांगता आलं नाही. त्यात पेट नव्हतं, ही मर्यादा खरी. पण २०२२ च्या रिव्हाइव्हड अभ्यासात ईएफ (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचं प्रमाण) ३५ टक्के किंवा त्याहून कमी आणि स्नायू जिवंत असलेल्यांना अँजिओप्लास्टी करूनही, नुसत्या चांगल्या औषधोपचारांच्या तुलनेत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठीची भरती कमी झाली नाही. स्टिचचाच १० वर्षांचा पाठपुरावा मात्र बायपासच्या बाजूने गेला. म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते हे: किती भाग जिवंत आहे, तिथल्या रक्तवाहिन्या जोडण्याजोग्या आहेत का, छातीत दुखतं का, औषधं पूर्ण मात्रेत चालू आहेत का?