बाथटब आणि टाइल्सच्या भिंतीमधला सांधा जलरोधक कसा करावा

बाथटबची कड आणि टाइल्स लावलेली भिंत यांच्या फटीतून झिरपणारे पाणी सहसा लवकर लक्षात येत नाही. लक्षात येते तेव्हा पलीकडच्या भिंतीचा रंग फुगलेला असतो किंवा खालच्या छताला ओल आलेली असते. ही फट बुजवण्यासाठी पुष्कळजण ग्राउट (टाइल्समधल्या फटींत भरायचा लेप) किंवा पांढरा सिमेंट भरतात आणि थोड्याच दिवसांत तिथे केसासारखी बारीक चीर पडते. भिंत जागची हलत नाही, पण टब हलतो. त्यात 150 लिटर पाणी भरले की 150 किलो वजन वाढते, त्यावर माणसाचे वजन येते आणि टबची कड किंचित खाली दबते. ॲक्रिलिकच्या टबमध्ये ही हालचाल बिडाच्या टबपेक्षा जास्त असते. म्हणूनच येथे ताणले जाऊन पुन्हा मूळ स्थितीत येणारा पदार्थ हवा, आणि त्यासाठी बाथरूमकरिता बनवलेले बुरशीरोधक सिलिकॉन सीलंट वापरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सिरॅमिक टाइल्सना चालते, मात्र त्यातून सुटणारे आम्ल संगमरवराला खराब करते. तेथे न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन घ्यावे.

काम सुरू करण्यापूर्वी सांध्यालगतच्या टाइल्सवर बोटाने टकटक करून पाहावे. एखादी टाइल पोकळ वाजत असेल किंवा हलत असेल, तर तिच्यामागे पाणी शिरलेले असण्याची शक्यता आहे; अशा वेळी वरून सीलंट लावल्यास ओल आतच कोंडली जाते, म्हणून आधी त्या टाइलची दुरुस्ती करून घ्यावी.

त्यानंतर जुने सीलंट काढावे. हा भाग कंटाळवाणा आहे, पण माझ्या मते सांधा टिकणे न टिकणे इथेच ठरते, कारण वाळलेल्या जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन घट्ट चिकटत नाही. जुन्या पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेने धारदार ब्लेडने चीर द्यावी, एक टोक मोकळे करावे आणि ते हळूहळू ओढावे. पट्टी शाबूत असेल तर हातभर लांबीचा तुकडा रबरासारखा सलग निघून येतो. मागे राहणारा पातळ, बुळबुळीत थर डोळ्यांना दिसत नाही, पण बोट फिरवले की जाणवतो. तो सिलिकॉन काढण्याच्या द्रावणाने मऊ करून खरवडावा. ॲक्रिलिकच्या टबवर ब्लेडचे ओरखडे पडतात, त्यामुळे तेथे प्लास्टिकची पट्टी वापरावी आणि द्रावण ॲक्रिलिकला चालते का, हे डब्यावर वाचून घ्यावे.

काळी बुरशी असल्यास पाणी मिसळलेल्या ब्लीचने ती पुसावी. ब्लीच आणि आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. मग सांधा साध्या पाण्याने धुऊन किमान एक दिवस कोरडा होऊ द्यावा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा.

आता सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट: सीलंट लावण्यापूर्वी सांधा भिजू न देता टब पाण्याने भरावा. वजनाने कड खाली दबते आणि फट जास्तीत जास्त रुंद होते. त्याच अवस्थेत सीलंट वाळले, तर पुढे टब भरल्यावर त्याच्यावर ताण येत नाही.

फट 6 मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, तर तिच्यात आधी फोमची गोल दोरी दाबून बसवावी, म्हणजे सीलंट आत वाहून जात नाही आणि मागच्या बाजूला न चिकटता फक्त टब आणि टाइल यांनाच धरून मोकळेपणाने ताणले जाते. फटीच्या वर आणि खाली काही मिलिमीटर अंतर सोडून मास्किंग टेप लावावा. सीलंटच्या नळीचे तोंड 45 अंशांत तिरके कापावे. नळी ज्यात बसवून दाबतात त्या गनवर एकसारखा दाब ठेवून, न थांबता, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सीलंट भरत जावे. लगेच साबणाच्या पाण्यात ओले केलेले बोट एकदाच हलक्या दाबाने सलग फिरवावे. पुन्हा पुन्हा फिरवल्यास पृष्ठभाग ओबडधोबड होतो. साबणाचे पाणी सीलंट भरण्यापूर्वी फटीला लागू देऊ नये. पृष्ठभागावर साय धरण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांतच, टेप सांध्यापासून दूर तिरका ओढून काढावा.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जाते आणि 24 तासांत साधारण 2 ते 3 मिलिमीटर खोलीपर्यंत पक्के होते. म्हणून निदान एक दिवस, आणि जाड थर असेल तर दोन दिवस, टब भरलेलाच ठेवावा आणि शॉवर वापरू नये. टब रिकामा केल्यावर सांध्यावर शॉवरचे पाणी सोडावे आणि टबची बाजू किंवा तपासणीसाठी ठेवलेले झाकण उघडता येत असेल, तर आत कोरडा टिश्यू कागद टेकवून तो भिजतो का, हे पाहावे.