जुन्या डिझेल ट्रकचं इंजिन पहिल्यांदाच घरी बांधताय? या चुका टाळा

पहिल्यांदा इंजिन बांधायला घेणाऱ्याला सगळ्यात जास्त घाई असते ती नवीन किट आणायची. पिस्टन, लायनर, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट असं सगळं टेबलावर मांडलं की निम्मं काम झालंच असं वाटतं, पण जुनं इंजिन गेलं कशामुळे हे कळायच्या आत नवीन पार्ट बसवले तर ते कारण आतच राहतं आणि नवीन मालपण त्याच वाटेने जातो. बेअरिंग घासली, पण का घासली? ऑइल पंप झिजला होता, ऑइल गॅलरीत (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांत) गाळ साचला होता, का डिझेल गळून ऑइल पातळ झालं होतं? पिस्टन चिकटला तो थर्मोस्टॅट आणि रेडिएटरमुळे का एखादं नोझल फवारा मारायच्या ऐवजी सरळ धार मारत होतं म्हणून? याची उत्तरं जुन्या पार्टवरच लिहिलेली असतात, आणि बहुतेक लोक तेच पार्ट पहिल्याच दिवशी एका डब्यात एकत्र टाकून देतात.

चालू होत असेल तर आधी चालवून बघा

इंजिन अजून स्टार्ट होत असेल तर लगेच खोलू नका. थंड असताना आणि गरम झाल्यावर धूर कसा आहे ते बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल नीट पेटत नाहीये, आणि गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली आणि कूलंट कमी होत असेल तर पाणी आत जातंय. ब्रीदरमधून किती बॅक कंप्रेशन (रिंगांना चुकवून खाली आलेला गॅस) मारतंय, गरम इंजिनला स्लोवर (रेस न देता) ऑइल प्रेशर किती राहतं, हे सगळं लिहून ठेवा. कंप्रेशन टेस्ट करायची तर डिझेलचाच गेज लागतो, कारण डिझेल इंजिन सेल्फवर (स्टार्टरवर) फिरताना साधारण 25 ते 35 बार दाब करतं आणि पेट्रोलच्या साध्या गेजचा काटा तिथपर्यंत पोचतच नाही. सगळ्या सिलिंडरचे आकडे सारखेच कमी असतील तर इंजिन झिजलंय, एकच कमी असेल तर त्याच सिलिंडरचं दुखणं आहे, मग कदाचित फुल इंजिन कामाची गरजही नसेल, नुसतं हेडचं काम पुरेल.

खोलताना घाई, नंबर नाहीत, फोटो नाहीत

फोटो काढा म्हणून सगळेच सांगतात ते बरोबरच आहे, पण फोटोपेक्षा नंबर महत्त्वाचे. कनेक्टिंग रॉडची कॅप तिच्याच रॉडबरोबर मशीन केलेली असते आणि मेन कॅपा ब्लॉकला लावूनच एका रेषेत बोअर केलेल्या असतात, त्यामुळे कॅपांची अदलाबदल झाली किंवा एखादी उलटी बसली तर क्रँक तरी जाम होतो नाहीतर बेअरिंग काही तासांत जातं. नंबर नसतील तर बोल्ट सोडायच्या आधीच टाका, कोणती बाजू पुढे ते पण. पुशरॉड आणि टॅपेट जिथले तिथेच परत गेले पाहिजेत, एका पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. पिस्टन वर काढताना लायनरच्या तोंडाशी साचलेला कार्बन आधी साफ करा, नाहीतर रिंगा तिथे अडकून पिस्टनचे काठ तुटतात.

आता बेअरिंगच्या वाट्या, म्हणजे बेअरिंगचे दोन अर्धगोल तुकडे. इथे वेळ द्या, खरंच सांगतो, अख्ख्या कामात यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून नाही. प्रत्येक वाटी पुसून वरची कोणती खालची कोणती, कितव्या नंबरची, असं लिहून ओळीने मांडा. रॉडमध्ये पॉवर स्ट्रोकचा मार वरच्या वाटीवर येतो आणि मेनमध्ये खालच्या, त्यामुळे तिथे थोडी जास्त झीज दिसणं नॉर्मल आहे. पण वाटीवर गोल गोल बारीक ओरखडे असतील तर ऑइलमधून कचरा फिरत होता, म्हणजे फिल्टर आणि एअर क्लीनरकडे बघा. एकाच कडेला घासली असेल तर रॉड वाकलाय नाहीतर जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) निमुळतं झालंय. मटेरियल पसरून वितळल्यासारखं झालं असेल तर ऑइलच पोचलं नाही. आणि वाटी उलटी करून पाठ बघा, पाठीवर एखादा चकचकीत ठिपका असेल तर मागच्या वेळी बसवताना खाली कचरा राहिला होता. हे सगळं वाचून झालं की मगच कोणते पार्ट मागवायचे ते ठरवा.

वजनाचं पण सांगून टाकतो. सहा सिलिंडरचं ट्रकचं इंजिन पाचशे किलो सहज भरतं, मोठी इंजिनं त्याच्या कितीतरी वर जातात. कारसाठी बनवलेला इंजिन स्टँड आणि छताचा लाकडी वासा यांच्या भरवशावर ते टांगू नका, आणि चेन पुलीला लटकलेल्या इंजिनखाली हातसुद्धा घालू नका.

सगळंच घरी करायचा हट्ट

क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, हेडला तडा आहे का याची टेस्ट, फेसिंग (फेस सपाट करणं), ही कामं मशीन शॉपचीच. डिझेल पंप आणि नोझलसुद्धा त्याच कामाच्या टेस्ट बेंचवर जाऊ द्या, आतले पार्ट इतक्या बारीक फिटिंगचे असतात की धुळीचा एक कण पुरतो. नोझलचा फवारा कधीही हातावर घेऊन बघू नका, जुन्या नोझलसुद्धा साधारण दीडशे ते अडीचशे बारला उघडतात आणि ती धार कातडी फोडून आत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

क्रँक ग्राइंड करून आला की त्यावर विश्वास टाकून बेअरिंग दाबून बसवायची नाही. 0.25 का 0.50 मिमी अंडरसाइज (म्हणजे जर्नल किती बारीक केलंय) ते विचारा, वाटीच्या पाठीवरचा साइज बघा, आणि जर्नल स्वतः मायक्रोमीटरने दोन दिशांनी आणि दोन्ही टोकांना मोजा. मायक्रोमीटर नसेल तर निदान प्लास्टिगेज तरी वापरा, ती मेणासारखी बारीक पट्टी जर्नलवर ठेवून कॅप पूर्ण टॉर्कला कसायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, परत खोलून पट्टी किती पसरली ते बघायचं. अंदाजाला दर 25 मिमी व्यासाला 0.025 मिमीच्या आसपास क्लिअरन्स धरतात, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. ग्राइंडिंग झाल्यावर जर्नलच्या कडेची गोलाई नीट ठेवली आहे का ते पण बघा, तिथे कोपरा धारदार राहिला तर क्रँक पुढे तिथूनच तुटतो.

स्वच्छतेत अर्धवटपणा

ब्लॉक बाहेरून चकाचक आणि आतल्या ऑइल गॅलऱ्या तशाच, हे खूप दिसतं. गॅलरीचे प्लग काढा, लांब ब्रश घालून धुवा, हवा मारा, परत धुवा. क्रँकच्या आतली भोकं पण, कारण ग्राइंडिंगची पावडर तिथेच बसून राहते. गॅस्केटची जागा साफ करायला ग्राइंडरवरची खरबरीत जाळीची डिस्क फिरवू नका, तिच्यातून उडणारी पूड ऑइलमध्ये गेली की नवी बेअरिंग खाऊन टाकते, शिवाय फेसला खड्डे पडतात. स्क्रेपर आणि हात दुखेपर्यंत घासणं, दुसरा सोपा रस्ता नाही.

होनिंग केलेली (दगडाने बारीक रेघा पाडून घासलेली) बोअर नुसती डिझेलने पुसून भागत नाही, डिझेलने दगडाची पूड इकडची तिकडे होते फक्त. गरम पाणी, कपडे धुवायची पावडर आणि ताठ ब्रश, आणि मग पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून आतून फिरवायचं. फडकं करडं झालं तर परत धुवा. फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत हे चालू, आणि स्वच्छ झालं रे झालं की लगेच कोरडं करून ऑइल लावा नाहीतर डोळ्यादेखत गंज धरतो. नवीन वेट लायनर (ज्यांच्या बाहेरून थेट पाणी फिरतं ते) बहुतेक वेळा कंपनीतूनच होन होऊन येतात, त्यांना घरी होनिंग करत बसू नका.

लायनर, खरी डोकेदुखी

वेट लायनरच्या इंजिनात ज्या ठिकाणी लायनरची कॉलर बसते तो खाच एकदम स्वच्छ लागतो. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी लायनर एका बाजूने वर राहतो आणि हेड कसल्यावर कॉलरला तडा जाऊ शकतो. खालच्या ओरिंगला काय लावायचं ते मॅन्युअलमध्ये वाचा, काही रिंगा इंजिन ऑइलने फुगतात म्हणून तिथे साबणाचं पाणी लावायला सांगितलेलं असतं. ओरिंगला पीळ पडू देऊ नका, लायनर सरळ दाबत एका दमात खाली गेला पाहिजे, मध्येच अडला तर हातोडा न मारता बाहेर काढून रिंग बघा.

बसल्यावर लायनर ब्लॉकच्या वर किती राहतो ते डायल गेजने चार ठिकाणी मोजा. हा उठाव मिलिमीटरच्या काही शतांशांचाच असतो, पण तो कमी पडला किंवा शेजारशेजारच्या लायनरमध्ये फरक पडला तर हेड गॅस्केट टिकतच नाही, मग तुम्ही कितीही भारी गॅस्केट आणा. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, हेड नसताना क्रँक फिरवायचा असेल तर लायनर बोल्ट-वॉशर लावून दाबून ठेवा, नाहीतर रिंगांबरोबर लायनर वर उचलला जातो आणि खालची ओरिंग हलते. हेड चढल्यावर, पण खालचा चेंबर (ऑइलचं भांडं) लावायच्या आधी, ब्लॉकमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी खालून टॉर्च मारून बघा. एखादा थेंब दिसला तर आत्ताच खोला, नंतर तेच पाणी ऑइलमध्ये सापडेल.

बोल्ट, रिंगा आणि हेड

टॉर्कचा आकडा ऑइल लावलेल्या आट्यांसाठी आहे का कोरड्या, ते वाचल्याशिवाय पाना लावू नका, त्याच आकड्याला ऑइलवाला बोल्ट खूप जास्त ताणला जातो. खालून बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट कसताना ते दाबलं जाऊन ब्लॉकच फुटू शकतो, हवा मारून भोक कोरडं करा. अंशात फिरवून कसायचे बोल्ट बहुतेक नवीनच घालावे लागतात. हेडचे बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने कसा.

बेअरिंगच्या वाटीची पाठ कोरडी, तोंडाला भरपूर ऑइल, आणि वाटीचं भोक ब्लॉकच्या भोकावर. रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकलायची आणि फीलर गेजने गॅप बघायची, दर 100 मिमी बोअरला 0.30 ते 0.40 मिमीच्या आसपास असते. गॅप फारच कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. रिंगेवरची खूण वरच्या बाजूला, पिस्टनवरचा बाण मॅन्युअल सांगेल तिकडे.

ब्लॉक किंवा हेड फेसिंग केलं असेल तर पिस्टन टॉपला आल्यावर ब्लॉकच्या किती वर येतो ते मोजून त्याप्रमाणे गॅस्केटची जाडी निवडावी लागते, डिझेलमध्ये पिस्टन आणि हेडमधली जागा इतकी थोडी असते की इथे अंदाज चालत नाही. नोझल बसवताना भोकात जुना तांब्याचा वॉशर चिकटून राहिलाय का बघा, त्यावर दुसरा पडला की नोझल वर राहतं, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि लोक मग पंपाला दोष देत बसतात.

टायमिंग गिअरच्या खुणा जुळवल्यावर इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही अडलं तर थांबा, जोर लावू नका. मध्ये आयडलर गिअर असेल तर दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा परत जुळतीलच असं नाही, त्याने घाबरून गिअर काढू नका.

पहिला स्टार्ट आणि पहिले काही तास

डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा, थांबून थांबून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. टर्बो असेल तर त्याच्या ऑइलच्या तोंडात आधी थोडं ऑइल ओता. मग हँड प्रायमरने एअर काढा.

एअर इनटेक झाकेल अशी जाड सपाट फळी हाताशी ठेवून एक माणूस तिथे उभा करा. पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकली किंवा टर्बोच्या सीलमधून ऑइल आत ओढलं गेलं तर इंजिन स्वतःच्या मनाने पळत सुटतं आणि चावी फिरवून ते बंद होतंच असं नाही, हवा तोडली तरच थांबतं. हाताने किंवा फडक्याने तोंड झाकायला जाऊ नका, ते आत ओढलं जाईल.

स्टार्ट झालं, आवाज छान आहे, म्हणून तासभर स्लोवर सोडून देतात, ते करू नका. रिंगा लायनरवर बसायला दाब लागतो, लोडशिवाय बोअर गुळगुळीत होऊन बसते आणि मग ऑइल पिणं सुरू होतं. गळती आणि प्रेशर बघून, गरम झालं की ट्रक रस्त्यावर काढा, मध्यम लोड द्या, कमी जास्त स्पीडने चालवा, फुल लोड आणि फुल रेस मात्र नको. गॅस्केट रीटॉर्क (बोल्ट परत टॉर्कला कसणं) मागणारं असेल तर रीटॉर्क करा, आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स परत बघा कारण हेड बसलं की तो बदलतो.

पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला, आणि काढलेला फिल्टर फेकू नका, कापून त्याचा कागद उलगडून उजेडात बघा. सुरुवातीला रिंगांची थोडी बारीक करडी पूड मिळते ती चालते. चकचकीत पापुद्रे किंवा तांबूस कण दिसले तर ट्रक तिथेच उभा करा, चेंबर उतरवा आणि बेअरिंगच्या वाट्या परत ओळीने मांडा.