कोशातील नोंद कशी वाचावी

शब्द अडला म्हणून कोश उघडला की बहुतेकांची नजर थेट पहिल्या अर्थावर जाते आणि तो हातातल्या वाक्यात बसला की कोश मिटतो. या सवयीमुळे नोंदीतला अर्धा ऐवज वाचलाच जात नाही. शीर्षशब्द आणि अर्थ यांच्यामध्ये जी आखूड अक्षरे, कंस आणि आकडे छापलेले असतात, ते त्या शब्दाने वाक्यात कसे वागावे हे सांगतात. आणि लिहिणाऱ्याला अर्थाइतकीच, कित्येकदा अर्थापेक्षाही जास्त, गरज त्याचीच असते.

आधी शब्द सापडला पाहिजे. कोशात शब्द मूळ रूपात असतो, म्हणून 'म्हशीला' हे रूप 'म्हैस' येथे, 'पाण्यात' हे 'पाणी' येथे आणि 'गेला' हे 'जाणे' येथे पाहावे लागते. क्रियापदे मराठी कोशांत सहसा 'णे' लावून दिलेली असतात. वर्णक्रमाबाबत मात्र सर्व कोशांचे एकमत नाही: 'क्ष' आणि 'ज्ञ' ही जोडाक्षरे असल्यामुळे काही कोशकार त्यांना 'क' आणि 'ज' यांच्या पोटात घालतात, तर काही वर्णमालेच्या शेवटी ठेवतात. 'ज्ञ'ने सुरू होणारे शब्द मी एकदा शेवटच्या पानांत शोधत बसलो होतो आणि ते कोशातून वगळले आहेत असे मनाशी ठरवूनही टाकले होते. ते 'ज'मध्ये स्वस्थ बसले होते. अनुस्वारयुक्त अक्षरांच्या जागेविषयीही असाच फरक आढळतो, त्यामुळे नवा कोश हाती आला की प्रस्तावनेतील वर्णक्रमाची टीप प्रथम वाचावी.

जुन्या कोशांत शोधताना लेखनपद्धतीचाही विचार करावा लागतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 सालची आहे आणि दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग 1932 ते 1938 या काळातले आहेत, तर अनुच्चारित अनुस्वार काढून टाकणारे शुद्धलेखनाचे नियम 1962 सालचे. त्यामुळे या कोशांत 'करणे' नव्हे तर 'करणें' भेटते आणि आजचे 'नाव' तिथे 'नांव' असते. आज आपण दीर्घान्त लिहितो ते 'कवी', 'मती' यांसारखे तत्सम शब्द 'कवि', 'मति' असे ऱ्हस्वान्त शोधावे लागतात.

शीर्षशब्दानंतर येणारी 'पु.', 'स्त्री.', 'न.' ही अक्षरे परीक्षेपुरती नाहीत, याचा उत्तम दाखला 'वेळ' हा शब्द देतो. 'माझा वेळ गेला' आणि 'माझी वेळ आली' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण पहिल्यातला पुल्लिंगी 'वेळ' म्हणजे काळाचा लांबी असलेला तुकडा, तर दुसऱ्यातली स्त्रीलिंगी 'वेळ' म्हणजे ठरलेला किंवा येऊन ठेपलेला क्षण. लिंगाचे अक्षर न वाचता नुसता 'काळ, समय' एवढाच अर्थ उचलणाऱ्याला हा भेद कधीच कळणार नाही. क्रियापदापुढे सकर्मक की अकर्मक हे लिहिलेले असते. तेही वाचावे, कारण भूतकाळात 'मी गेलो' म्हणायचे की 'मी पत्र लिहिले' म्हणायचे, हे बहुतांशी त्यावर अवलंबून असते.

पुढचा प्रश्न आकड्यांचा. एकाच लेखनाचा शब्द कोशात दोन-तीन वेळा स्वतंत्र शीर्षशब्द म्हणून आला असेल, तर कोशकाराच्या मते ते वेगवेगळे शब्द आहेत. एकाच नोंदीत १, २, ३ असे आकडे असतील, तर ते एकाच शब्दाचे पसरलेले अर्थ आहेत. 'मला असे वाटते', 'कागद वाटले' आणि 'पाट्यावर वाटले' या तीन वाक्यांतले 'वाटणे' उच्चाराने एक आहे, पण ही तीन क्रियापदे आहेत. कागद वाटण्यातले 'वाटणे' संस्कृत 'वण्ट्' या धातूकडे जाते आणि पाट्याशी त्याचे काही नाते नाही. याउलट 'पाणी' या एकाच शब्दाचे जल, मोत्याचे तेज आणि माणसातली धमक हे तिन्ही अर्थ एका नोंदीत नांदतात. 'पाणी सोडणे', 'पाणी जोखणे' हे वाक्प्रचारही तिथेच, नोंदीच्या शेपटाकडे मिळतात. अनेक कोश जागा वाचवण्यासाठी शीर्षशब्द पुन्हा न छापता त्याच्या जागी छोटे शून्य किंवा आडवी रेघ घालतात. ती खूण ओळखली नाही तर शेपटाकडचा मजकूर नुसत्या चिन्हांचे जंगल वाटतो.

अर्थांच्या क्रमाला फसू नये. काही कोश सर्वांत जुना अर्थ आधी देतात, काही सर्वांत रूढ अर्थ. 'शिक्षा' या शब्दाचा मूळ अर्थ शिकवण. 'शिकणे' हे क्रियापदही त्याच धातूचे. आज मात्र मराठीत 'त्याला शिक्षा झाली' हे वाक्य ऐकून कोणाला शाळा आठवणार नाही. चौकोनी कंसातली व्युत्पत्ती म्हणूनच जपून वापरावी: ती शब्द कुठून आला ते सांगते, आज त्याचा अर्थ काय असावा हे ठरवत नाही. 'राग' म्हणजे मुळात रंग, मग आसक्ती. संगीतातला राग आणि मनातला राग हे नंतरचे. म्हणून रागावलेल्या माणसाला 'तुम्ही रंगला आहात' असे कोणी सांगू जात नाही. मूळ अर्थ तोच खरा अर्थ, हा युक्तिवाद भाषणांत फार चालतो. नोंदीच्या नीट वाचनापुढे तो टिकत नाही.

गोल कंसातल्या खुणा छोट्या असल्या तरी त्यांचा अधिकार मोठा आहे. 'ल.' म्हणजे लाक्षणिक. 'काव्य', 'ग्राम्य', 'क्वचित', किंवा एखाद्या प्रांताचे संक्षिप्त नाव असेल, तर तो अर्थ सगळीकडे चालणारा नाही असे कोशकार सांगत असतो. 'ग्राम्य' अशी खूण असलेला शब्द औपचारिक अर्जात घालणाऱ्याने कोशाला दोष देऊ नये.

सर्वांत वैताग आणणारी गोष्ट म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवणारे अर्थ: 'अरण्य' पाहावे तर 'वन', आणि 'वन' पाहावे तर 'अरण्य'. अशा वेळी व्याख्या सोडून उदाहरणाच्या वाक्याकडे वळावे. शब्दाच्या शेजारी कोणती क्रियापदे आणि कोणती विशेषणे येतात हे तिथे दिसते, आणि समानार्थी म्हणून दिलेले दोन शब्द एकमेकांच्या जागी चालतात की नाही, हे तेच वाक्य दोन्ही शब्द घालून मोठ्याने वाचले की लगेच कळते. उदाहरण नसेल तर दुसरा कोश उघडावा, शक्यतो वेगळ्या काळातला, आणि दोन्हींची प्रकाशनवर्षे पाहावीत. 'संगणक' आजच्या अर्थाने 1930 च्या दशकातल्या कोशात शोधण्यात काही हशील नाही.