इटलीच्या हॉटेलात वस्तू विसरलात? फोनवर असं बोला

फ्लॉरेन्सहून गाडी सुटते, व्हेनिस यायला अजून दोनेक तास असतात आणि तेव्हा आठवतं, चष्मा हॉटेलच्या बाथरूममध्येच राहिला. मोठ्या हॉटेलात इंग्रजीवर भागतं. घरगुती, छोट्या हॉटेलात दुपारी फोन उचलणाऱ्याला ती येईलच असं नाही.

१. नंबर नीट लावा. इटलीचा कोड ३९. त्यापुढे लँडलाइनचा शून्य गाळायचा नाही: रोमचा ०६, फ्लॉरेन्सचा ०५५, जसाच्या तसा. पलीकडून 'प्रोंतो' (हॅलो) आलं की आधी 'बुओनजोर्नो' (नमस्कार), मग काम.

२. काय, कुठे राहिलं ते सांगा. 'ओ लाशातो ल्यी ओक्याली इन बान्यो', म्हणजे चष्मा बाथरूममध्ये राहिलाय. चष्म्याच्या जागी इल तेलेफोनो, ला जाक्का (जॅकेट) किंवा इल कारिकाबात्तेरिये (चार्जर) घाला. जागेसाठी: नेल्लार्मादियो (कपाटात), सोत्तो इल लेत्तो (पलंगाखाली), नेल्ला कास्साफोर्ते (तिजोरीत). 'कामेरा' म्हणजे खोली. २१२ नंबर असेल तर 'कामेरा दूए ऊनो दूए' असा एकेक आकडा सांगितला तरी चालतं. त आणि द आपलेच, जोडाक्षरांवर मात्र जरा थांबा.

३. आडनाव फोडून सांगा. इथेच खरी अडचण येते. इटालियन लोक अक्षरं गावांच्या नावांनी सांगतात. पाटील असाल तर: पी कोमे (जसं) पालेर्मो, आ कोमे आंकोना, ती कोमे तोरीनो, ई कोमे ईमोला, एल्ले कोमे लिवोर्नो. कुलकर्ण्यांचा के म्हणजे 'काप्पा', जोश्यांचा जे म्हणजे 'ई लुंगा'. स्पेलिंग पासपोर्टवरचंच सांगा.

४. पुढचं ठरवा. 'आवेते त्रोवातो क्वाल्कोसा?' म्हणजे काही सापडलं का? 'सी' (हो) म्हणाले तर 'पास्सो दोमानी' (उद्या येतो) किंवा 'पोतेते स्पेदिरे उन पाक्को इन इंदिया? पागो ईओ' (भारतात पार्सल पाठवाल का? पैसे मी देतो). चार्जरसाठी हा खटाटोप करू नका, नवा घ्या.

पासपोर्ट असेल तर आधी रिसेप्शनवरच विचारा. पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणं हॉटेलवर बंधनकारक असल्याने तो चेक-इनला मागून घेतात आणि कधीकधी तिथेच राहतो: 'इल पास्सापोर्तो ए रिमास्तो आल्ला रिसेप्शन'. नसेलच सापडत, तर क्वेस्तुरा (पोलीस मुख्यालय) किंवा काराबिनिएरी या पोलीस दलाच्या ठाण्यात 'देनुंचा दी झ्मार्रिमेंतो', म्हणजे हरवल्याची तक्रार नोंदवा. तिची प्रत घेऊन रोममधला भारतीय दूतावास किंवा मिलानचं वाणिज्य दूतावास गाठा.

एवढं बोलणं जमणार नसेल तर पुढच्या हॉटेलात पोचल्यावर रिसेप्शनवरच्या माणसाला गळ घाला: 'पुओ क्यामारे लाल्बेर्गो दी फिरेन्त्से पेर मे?' माझ्यासाठी फ्लॉरेन्सच्या हॉटेलला फोन कराल का? आडनाव, खोली आणि तारीख कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवा. दोन इटालियन फोनवर बोलले की काम बहुतेक वेळा लवकर उरकतं.